मनगटावरची वेधशाळा

गडकिल्ल्यांवर जाणाऱ्या तरुण मंडळींच्या मनगटावर अलीकडे एक जाडजूड, काळे घड्याळ दिसते. त्याला काटे नसतात. काचेवर नुसते आकडे. एक बटण दाबले की वेळ, दुसरे दाबले की हवेचा दाब, तिसरे दाबले की समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि चौथे दाबले की उत्तर दिशा. असलेच घड्याळ वैमानिकांच्या हातावर असते, दर्यावर्दी लोकांच्या असते, अग्निशामक दलातल्या जवानांच्याही असते. दगडावर आपटा, पाण्यात बुडवा, ते चालूच राहते. एवढी सगळी वेधशाळा दोन इंचांच्या डबीत मावली कशी, आणि मुख्य म्हणजे ती दाखवील त्या आकड्यावर आपण विश्वास किती टाकावा, या दोन प्रश्नांची उत्तरे इतिहासात आहेत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रवाशाच्या दृष्टीने वेळ आणि जागा या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला चार मिनिटे. नागपुरात सूर्य माथ्यावर येतो तो मुंबईच्या साधारण २५ मिनिटे आधी. याचाच उलटा अर्थ असा की, मुंबईची वेळ बिनचूक दाखवणारे घड्याळ माझ्याजवळ असेल आणि मी उभा आहे तिथे सूर्य माथ्यावर केव्हा आला हे मी पाहिले, तर मी मुंबईच्या किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे हे मला काढता येते. जमिनीवर याची कोणाला फारशी गरज नसते, कारण वाटेत गावे लागतात आणि विचारायला माणसे भेटतात. समुद्रावर कोणाला विचारणार?

१७०७ साली इंग्रज आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली. आपण कुठे आहोत याचा अंदाजच चुकला होता. पुढे १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने भर समुद्रात रेखांश काढण्याच्या रीतीसाठी २० हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस लावले. मोठमोठे ज्योतिषी चंद्र-ताऱ्यांच्या कोष्टकांत गुंतले असता जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराने घड्याळाचा मार्ग धरला. त्याचे चौथे घड्याळ हे जरा मोठ्या खिशातल्या घड्याळाएवढे होते. १७६१ च्या अखेरीस ते जमैकाच्या सफरीवर गेले, आणि सुमारे अडीच महिन्यांच्या त्या प्रवासात त्याची चूक भरली अवघी पाच सेकंदांची. बक्षिसाची पूर्ण रक्कम पदरात पडायला मात्र त्या बिचाऱ्याला म्हातारपणापर्यंत भांडावे लागले. तो इतिहास मोठा आहे. आपल्याला पुढे जायचे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी माणूस उडू लागला आणि अडचण नव्या रूपात उभी राहिली. तोवर पुरुषाचे घड्याळ खिशात, साखळीला. मनगटावरचे घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना अशी युरोपात समजूत होती. लढाईवरचे काही सैनिक चामड्याच्या पट्ट्यात घड्याळ बसवून हाताला बांधीत, तेवढाच काय तो अपवाद. पण विमान हाकणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले. तो खिशात हात घालणार केव्हा आणि झाकण उघडून पाहणार केव्हा? आल्बेर्तो सांतोस-द्युमों हा ब्राझीलचा हौशी वैमानिक पॅरिसला राहत असे. त्याने ही तक्रार आपला जवाहिर मित्र लुई कार्तिए याच्या कानावर घातली, आणि १९०४ साली कार्तिएने त्याला मनगटावर बांधायचे चौकोनी घड्याळ करून दिले. पुढे १९०६ च्या नोव्हेंबरात याच माणसाने पॅरिसमध्ये २२० मीटरचे उड्डाण साडेएकवीस सेकंदांत केले. पहिले महायुद्ध संपेतो मनगटी घड्याळ हा पुरुषाचा नित्याचा जिन्नस होऊन गेला.

विमानाच्या वेगामुळे सेकंदाची किंमत वाढली. विषुववृत्तावर घड्याळाची चार सेकंदांची चूक म्हणजे जागेची एका सागरी मैलाची चूक. अर्धा मिनिट चुकले की साडेसात मैलांचा फरक! त्या काळच्या घड्याळात तास-मिनिटांचे काटे जुळवता येत, पण सेकंदकाटा जुळवण्याची सोय नसे. फिलिप वीम्स या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने सेकंदाची तबकडीच फिरवता येईल असे घड्याळ योजले. रेडिओवरचा वेळेचा संकेत ऐकायचा, आणि काट्याला हात न लावता तबकडी त्याच्याशी जुळवून घ्यायची. १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने साडेतेहतीस तास उडत गेलेला चार्ल्स लिंडबर्ग नंतर याच वीम्सकडे मार्गशोधनाची विद्या शिकला. १९३१ साली लाँजिन कंपनीने त्याच्या आराखड्यावरून घड्याळ काढले, त्याच्या कडेवर तासांबरोबर अंशही कोरलेले होते. ही कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. उत्तम यंत्रही चुकणारच हे गृहीत धरून, त्याला खऱ्या वेळेशी पुन्हा जुळवण्याची सोय त्यातच करून ठेवलेली आहे.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल घेऊन उतरले. ‘पस मॉथ’ जातीचे ते छोटे, एका इंजिनाचे विमान. वाट दाखवणारा रेडिओ नाही की जमिनीवरून मदत नाही. अशा उड्डाणात वैमानिकाचा आधार म्हणजे नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. ताशी १०० मैल वेग धरला तर तीन मिनिटांत पाच मैल. अमुक नदी दिसल्यापासून बारा मिनिटे झाली म्हणजे अमुक गाव पायाखाली आले पाहिजे. आले नाही तर वारा आडवा लागतो आहे, दिशा थोडी बदलली पाहिजे. शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या गणिताने माणूस घरी सुखरूप पोचत होता.

घड्याळात एकाच वेळी दोन देशांच्या वेळा दाखवण्याची सोय असते, ती पुष्कळांना चैनीची वाटते. पण जगातल्या वैमानिकांचे हवामानाचे अहवाल एकाच जागतिक वेळेत दिलेले असतात, आणि आपली प्रमाण वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. हा अर्धा तास विसरला तर सगळा हिशोब बिघडतो. मुंबईकरांना दोन वेळांचा संसार नवा नाही म्हणा. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाण वेळ सुरू झाली तरी मुंबई शहराने आपली जुनी ‘मुंबई टाइम’ सोडली नाही. ती १९५५ पर्यंत टिकली. दोहोंत ३९ मिनिटांचा फरक. आगगाडी एका वेळेने सुटायची आणि नगरपालिकेचे घड्याळ दुसरीच वेळ दाखवायचे! ‘कोणत्या टायमाने?’ असे विचारल्याशिवाय भेट ठरत नसे. आज वैमानिकाला आपल्या हातावरच्या घड्याळाला हाच प्रश्न विचारावा लागतो.

आता काटे जाऊन आकडे कसे आले ते पाहू. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचा स्फटिक. त्याला विजेचा बारीकसा प्रवाह दिला की तो ठराविक गतीने थरथरतो. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरेल असा घडवलेला असतो. हा विचित्र आकडा कशासाठी? शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात मुलांना तो अर्धा करायला लावावा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. बरोबर पंधराव्या वेळी उत्तर येते एक. घड्याळातली विद्युत्-जुळणी हेच करते आणि एक सेकंद मोजते. क्वार्ट्झचे पहिले घड्याळ १९२७ मध्ये अमेरिकेत वॉरन मॅरिसनने केले, ते कपाटाएवढे होते. मनगटावर मावणारे क्वार्ट्झ घड्याळ जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीला आणले. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘पल्सर’ हे आकड्यांचे घड्याळ आले. किंमत २,१०० डॉलर, आणि वेळ पाहायची तर दुसऱ्या हाताने बटण दाबायचे, म्हणजे लाल आकडे क्षणभर उजळायचे. दोन्ही हात गुंतलेल्या सांतोस-द्युमोंची अडचण सत्तर वर्षांनी परत आली! पुढच्याच वर्षी द्रव-स्फटिकाची पाटी असलेली, सतत आकडे दाखवणारी घड्याळे निघाली आणि ती अडचण मिटली.

तरी काट्याच्या घड्याळाला कोणी कमी लेखू नये. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो-१३ यानात स्फोट झाला. परतीच्या वाटेवर वीज वाचवण्यासाठी बहुतेक उपकरणे बंद केलेली. मार्ग सुधारण्याकरिता इंजिन नेमके १४ सेकंद चालवायचे होते. ते सेकंद अंतराळवीर जॅक स्विगर्ट यांनी आपल्या हातावरच्या चावीच्या ओमेगा घड्याळावर मोजले, आणि तिघे जिवंत परत आले.

आकड्यांची पहिली घड्याळे नाजूक असत. तोक्योजवळ कासिओ कंपनीत किकुओ इबे नावाचे एक तरुण अभियंते होते. घरून भेट मिळालेले त्यांचे घड्याळ धक्का लागून खाली पडले आणि फुटले. पडले तरी फुटणार नाही असे घड्याळ करू, असा एका ओळीचा प्रस्ताव त्यांनी १९८१ मध्ये दिला. कचेरीजवळ रस्त्याचे काम करणारे मजूर मनगटावर घड्याळच बांधत नाहीत, हेही त्यांनी पाहून ठेवले होते. अट ठरली तीन दहांची : दहा मीटरवरून पडले तरी टिकावे, पाण्याचा दहा बार दाब सोसावा, आणि सेल दहा वर्षे चालावा. प्रयोगशाळा कोणती म्हणाल, तर कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या शौचालयाची खिडकी! तिथून घड्याळ खाली टाकायचे, जिना उतरून ते उचलायचे, काय फुटले ते पाहायचे, आणि पुन्हा वर चढायचे.

आपल्या कोकणात नारळ माडावरून पडतो, पण भोवतीच्या सोडणामुळे आतली करवंटी सहसा फुटत नाही. इबे यांनी प्रथम हेच केले; घड्याळाभोवती रबर गुंडाळले. ते टिकले खरे, पण त्याचा झाला चेंडू, तो मनगटावर बांधणार कसा? मग रबर कमी करून धक्का पायरीपायरीने शोषून घेणारी आवरणे केली. तरी दर खेपेला आतला एक तरी भाग दगा देई. काच सुधारली की तारेचे वेटोळे तुटे. ते भक्कम केले की स्फटिक जाई. दोनशेच्या वर नमुने झाले. हताश होऊन ते एका बागेत बसले असता एक लहान मुलगी चेंडू आपटून खेळताना दिसली, आणि त्यांच्या मनात आले की घड्याळाचा प्राण जर या चेंडूच्या पोटात अधांतरी असता, तर आपटणाऱ्या चेंडूचा धक्का त्याला लागलाच नसता! मग आतले यंत्र चोहोबाजूंनी घट्ट न बसवता मोजक्या बिंदूंवर टेकवून जवळजवळ तरंगते ठेवले. एप्रिल १९८३ मध्ये ते घड्याळ ‘जी-शॉक’ या नावाने बाजारात आले.

जपानात त्याला फारसे कोणी विचारले नाही, कारण तेव्हा पातळ घड्याळांची फॅशन होती. अमेरिकेत १९८४ मध्ये जाहिरात झाली, तीत हॉकीचा खेळाडू चकतीऐवजी घड्याळालाच काठीने फटकावतो. लोकांना वाटले, ही थाप आहे. टेलिव्हिजनच्या एका कार्यक्रमात खरोखर फटकावून पाहिले, आणि घड्याळ टिकले. त्यानंतर पोलीस, अग्निशामक, सैनिक, ज्यांचे हात सतत कुठेतरी आपटतात अशा लोकांनी ते उचलून धरले.

घड्याळ भक्कम झाले, म्हणजे ते बिनचूक झाले असे नव्हे. १९९० नंतर या डबीत होकायंत्र आणि दाबमापक शिरले, आणि इथून पुढे खरी जपणूक वापरणाऱ्याच्या हाती आली. होकायंत्राचेच घ्या. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेची ट्राम येणार असे ठरले. रुळांतून वाहणाऱ्या विजेने चुंबकसूची भरकटणार हे ओळखून त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांनी ही वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला उभी केली, ती लोखंड टाळून. पण जुनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन वर्षे दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या आकड्यांशी नवे जुळवून घेता आले. ट्राम धावू लागली १९०७ मध्ये. एवढी मोठी वेधशाळा समुद्रापलीकडे हलवावी लागली, मग तुमच्या मनगटावरचे होकायंत्र मोटारसायकलच्या टाकीजवळ किंवा मोबाइलशेजारी खरे कसे बोलेल? लोखंडापासून चार पावले दूर व्हा, हात आडवा सपाट धरा, मग आकडा वाचा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्या महाराष्ट्रात एका अंशाचाही फरक नाही, हे आपले नशीब. इतर देशांत तो दहा-वीस अंश असू शकतो.

उष्णतामापकाची गंमत तर विचारू नका. हातावर बांधलेले असते तोवर ते तुमच्याच अंगाची ऊब मोजते. घड्याळ काढून अर्धा तास सावलीत ठेवा, म्हणजे हवेचे तापमान कळेल.

सर्वांत फसवा आकडा उंचीचा. घड्याळ उंची मोजतच नाही, ते मोजते हवेचा दाब. वर जावे तसे डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो. समुद्राकाठी सुमारे साडेआठ मीटर चढले की एक मिलिबार. समुद्रसपाटीला १०१३ मिलिबार धरला, तर आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, तो ८३० च्या आसपास भरतो. घड्याळावर मिलिबारऐवजी हेक्टोपास्कल लिहिलेले असते, ते एकच. हे प्रथम सिद्ध झाले फ्रान्समध्ये, १९ सप्टेंबर १६४८ रोजी. ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम नावाच्या डोंगरावर चढला आणि माथ्यावर पारा तीन इंचांहून अधिक उतरलेला दिसला. पण या प्रयोगातला माझा आवडता माणूस डोंगरावर गेलाच नाही. पायथ्याच्या गावात, मठाच्या बागेत, तशीच दुसरी नळी ठेवली होती, आणि एक साधू दिवसभर तिच्यावर नजर ठेवून बसला होता. खालचा पारा हलला नाही, म्हणून तर वरचा फरक उंचीमुळे पडला असे छातीठोकपणे म्हणता आले.

आपल्या घड्याळाला असा खाली बसलेला साधू नाही. हवामान बदलून दाब उतरला, तरी ते बापडे समजते की आपण डोंगर चढलो. आपल्या प्रदेशात दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. फरक तीन-चार मिलिबार. हवे तर करून पाहा. घड्याळ सकाळी दहाला शाळेच्या टेबलावर ठेवा. शाळा सुटेपर्यंत ते जागचे न हलता पंचवीस-तीस मीटर ‘चढलेले’ असेल! पावसाळ्यात तर मुंबईचा दाब जानेवारीपेक्षा आठ-नऊ मिलिबार कमी असतो. हिवाळ्यात जुळवलेले घड्याळ आषाढात तसेच नेले, तर कळसूबाई सत्तर-ऐंशी मीटरने उंच झालेली दिसेल. गडावर हा विनोद ठरतो. धुक्यात डोंगरावरून उतरणाऱ्या विमानाला मात्र ऐंशी मीटर म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न.

म्हणून पॉल कोल्समन याने १९२८ मध्ये केलेल्या विमानाच्या उंचीमापकाला एक छोटी खिडकी ठेवली गेली. विमानतळावरचा आजचा दाब रेडिओने कळतो, तो वैमानिक त्या खिडकीत जुळवतो. मठातला साधूच तो, फक्त आता मनोऱ्यात बसून बोलतो. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल याने झाकलेल्या आसनातून, बाहेरचे काहीही न पाहता, विमान उडवून परत उतरवले ते अशाच यंत्रांच्या भरवशावर.

मग वैमानिकाला मनगटावरच्या उंचीचा उपयोग काय? मोठ्या विमानात बसून पाहिलेत, तर बाहेर विमान ३५ हजार फुटांवर असताना घड्याळ सहा-सात हजार फूट दाखवील. ते चुकलेले नसते. आतली हवा कोंडून दाब वाढवलेला असतो, आणि घड्याळ तोच सांगते. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात दाब वाढवणाऱ्या यंत्रणेची कळ चुकीच्या जागी राहून गेली. धोक्याचा भोंगा वाजला, पण चालकांनी त्याचा अर्थ निराळाच घेतला. प्राणवायू कमी पडून ते बेशुद्ध झाले. विमान आपोआप उडत राहिले आणि इंधन संपल्यावर ग्रीसमध्ये कोसळले. १२१ माणसे गेली. हातावर असे घड्याळ असते तर ते वाचले असते, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण आतला दाब घसरतो आहे हे सांगणारा दुसरा साक्षीदार मनगटावर असावा, असे वाटणारे वैमानिक पुष्कळ आहेत, आणि ते रास्तच आहे.

हल्लीच्या घड्याळांना उपग्रहांवरूनही जागा कळते. तिथेही मूळ तत्त्व हॅरिसनचेच : उपग्रहातल्या घड्याळाची वेळ आणि आपल्याकडे संकेत पोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून अंतर. सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली तर ३०० मीटरचा घोटाळा होतो.

तुमच्यापैकी कोणी असे घड्याळ घेऊन डोंगरावर निघालात, तर एवढे करा. वाटेत रेल्वे स्टेशन लागले, तर फलाटाच्या टोकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. घड्याळातला आकडा तिथे जुळवून घ्या. कळसूबाईच्या माथ्यावर पोचल्यावर ते १६४६ ऐवजी १६७० दाखवू लागले, तर घाबरू नका; दुपार झाली असेल, नाही तर पाऊस येत असेल. तिथेच पुन्हा १६४६ लावा, आणि उतरायला लागण्यापूर्वी एकदा आभाळाकडे पाहा.